नरूभाऊची डेड गाडी

या ग्रुपवर मी आजवर फक्त खोड्या काढायला येत होतो. जुन्या मंडळींना आठवत असेल... कुणी पैंजणांचा आवाज लिहिला की खाली "उंदीर असेल, पिंजरा लावा" असं लिहिणारा तो मीच. चकवा लागला म्हणणाऱ्या एका गृहस्थांना मी "आधी किती घेतली होती?" असं विचारलं होतं आणि त्यावरून ॲडमिनने मला समजही दिली होती. माझा या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही पूर्ण बसलेला नाही. फक्त दुसऱ्याची खोडी काढायचं तोंड आता राहिलेलं नाही. ज्यांना खाली "उंदीर असेल" लिहायचंय त्यांनी खुशाल लिहा, मी राग मानणार नाही.

मी रेल्वेत स्टेशन मास्टर आहे. नंदुरबार जिल्ह्यात, नवापूर आणि नंदुरबार यांच्या मधलं एक लहानसं स्टेशन. नाव सांगत नाही, नोकरी अजून बरीच शिल्लक आहे. कडुनिंबाची दोन झाडं, पाण्याचा एक नळ, मागे कापसाची शेतं आणि मेन लाइनला लागून एक लूप लाइन. लूप म्हणजे काय, तर मागची जोरात येणारी गाडी पुढे काढायची असली की हळू गाडीला बाजूला घेऊन उभं करायची जागा. आमचं निम्मं काम तेच. कुणाला तरी बाजूला घ्यायचं आणि दुसऱ्याला पुढे सोडायचं.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आमच्या लाइनवरून एक वेगळीच वरात जायला लागली. मुंबईकडे नव्या एसी लोकल आल्या, म्हणून तिथल्या जुन्या लोकल पूर्वेकडच्या एका महानगराच्या उपनगरी रेल्वेकडे वर्ग होऊ लागल्या. कर्मचाऱ्यांची बदली होते तशी अख्ख्या गाड्यांची बदली. कागदावर हे सोपं असतं... अमुक रेक, म्हणजे डब्यांची अख्खी गाडी, इकडून कमी, तिकडे जमा. प्रत्यक्षात ती गाडी अर्धा देश ओलांडून न्यावी लागते आणि ती स्वतःच्या जोरावर जात नाही. छतावरचा पेंटा, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारा सांगाडा, खाली बांधतात, करंट बंद करतात, पुढे मालगाडीचं इंजिन लावतात आणि ओढत नेतात. अशा गाडीला आमच्या भाषेत "डेड" म्हणतात. डेड इंजिन, डेड रेक. कंट्रोलवरून फोन येतो, "डेड रेक निघालाय, लूपला घ्या." यात कुणाला काही अशुभ वाटत नाही. बंद फ्रिजला बंद म्हणावं तसं आहे ते.

आमच्या भागात ती लोकल दिसायची मात्र विचित्र. दाराच्या वर तिच्या जुन्या स्टेशनांचा नकाशा तसाच, आत वरच्या दांड्याला लोंबणाऱ्या कड्या एकाच लयीत हलतायत, खिडक्यांवर कुठल्या तरी क्लासच्या जाहिराती अर्धवट फाटलेल्या, आणि आत माणूस नाही. बाजाराला निघालेल्या बाया फलाटावर उठून उभ्या राहायच्या आणि ती थांबत नाही म्हटल्यावर पुन्हा बसायच्या.

अशा रेकबरोबर कारशेडची दोन माणसं एस्कॉर्ट म्हणून जातात. वाटेत ब्रेक अडकला, काही लोंबकळलं तर बघायचं, आणि शेवटी गाडी नव्या मालकाच्या ताब्यात द्यायची. यातल्याच एका रेकबरोबर माझा चुलतभाऊ होता. नरूभाऊ. माझ्यापेक्षा मोठा. आमच्या तापीकाठच्या गावातून रेल्वेत लागलेला पहिला माणूस तो, आणि त्याचं बघून मी. तिकडे मुंबईच्या कारशेडला टेक्निशियन होता. ज्या रेकची बदली झाली तो त्याने वर्षानुवर्षं सांभाळलेला होता. फोनवर मला म्हणाला होता, "बापू, पोरगी सासरी धाडतस तशी वाटी ऱ्हायनं रे." त्यांनी म्हणे शेडमध्ये गाडीला हार घातला, नारळ फोडला. मी त्याला चिडवलं की मग सासूला सांग, पोरगी जुनी आहे, दारं लागत नाहीत. खूप हसला.

त्याच फोनमध्ये त्याने दुसरी गोष्टही हसत हसत सांगितली. शेडमध्ये डबा खायला बसला असताना एक कावळा येऊन त्याच्या डोक्यावर बसला आणि टोच मारून गेला. आणि या शहाण्याने ते आधी आपल्या आईलाही सांगून टाकलं होतं!

जे खान्देशातले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे कावळा डोक्यावर बसला की त्या माणसाचं काही खरं नाही असं मानतात. त्यावर उपाय एकच. जवळच्या नातलगाला तो माणूस मेल्याचा खोटा निरोप धाडायचा. ऐकणाऱ्याने मनापासून रडायला हवं. डोळ्यांतून पाणी पडलं की त्या माणसाच्या नावाचं मरण वसूल झालं, आलेलं टळलं. मग थोड्या वेळाने खरं सांगायचं, शिव्या खायच्या आणि सगळ्यांचं तोंड गोड करायचं. पूर्वी यासाठी सायकलवर माणूस जायचा, आता फोन आहे. मी बी.एस्सी. झालेला माणूस, मला हा सगळा प्रकार तमाशा वाटायचा.

काकी म्हणजे नरूभाऊची आई. गावात एकटी राहते, पण खमकी बाई. तिने रडण्यासाठी निवडली सुनीताईला. ही नरूभाऊची धाकटी बहीण, तळोद्याला दिली आहे. भावावर जीव टाकणारी, शिवाय हळवी. कुणाच्याही लग्नात नवरीच्या आधी रडायला लागते. काकीची निवड चुकीची नव्हती. चूक दुसरीकडेच झाली.

काकीला "नरू मेला" हे शब्द काही केल्या तोंडातून काढवेनात. कसे काढवतील? आई ती. "गेला" म्हणायलाही जीभ रेटेना. मग तिला आपला एक इंग्रजी शब्द सापडला. टीव्हीवर ऐकलेला, दवाखान्यात ऐकलेला. परका शब्द, त्याला आपल्या भाषेसारखा विटाळ नाही असं तिला वाटलं असावं. तिने सुनीताईला फोन लावला, "सुने... आपला नरू... डेड." एवढं बोलली आणि फोन बंद करून टाकला.

आता सुनीताई लग्नाआधी शिकायला म्हणून नरूभाऊच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहिलेली. रोज संध्याकाळी त्याच्या तोंडून डेड रेक, डेड मोटर असंच ऐकलेलं. त्यात आदल्याच दिवशी नरूभाऊने तिला स्वतः फोन करून सांगितलं होतं की सुने, मी डेड लिसन ई ऱ्हायनू, म्हणजे डेड गाडी घेऊन येतोय, आपल्याच भागातून जाणार आहे. त्यामुळे आईचा तुटका फोन आल्यावर तिला वाटलं, आई तेच सांगतेय आणि रेंज गेली. घंटाभराने काकीने पुन्हा फोन करून सांगितलं की काही नाही, नरू बेस आहे. तर ही म्हणाली, "हा माय, माले मालूम शे." काकी समजली, कुणीतरी आधीच तिला खरं सांगितलेलं दिसतंय. दोघी आपापल्या जागी निश्चिंत झाल्या.

यातलं मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की नरूभाऊचा रेक माझ्या स्टेशनवर लूपला येणार आहे आणि मागून एक सुपरफास्ट जाईपर्यंत उभा राहणार आहे. नंदुरबारला यार्डात कुठल्या लाइनवर घेतील त्याचा भरवसा नसतो, बायकांना तिथे रूळ ओलांडून कोण जाऊ देणार? म्हणून मीच निरोप दिला की इकडे या, निवांत भेटा. काकी आणि सुनीताई दोघी नंदुरबारला एसटी स्टँडवर भेटल्या आणि पॅसेंजरने माझ्याकडे आल्या. सुनीताईने डबा आणला होता, कळण्याची भाकरी आणि भरताचं वांगं. सोबत पाण्याची बाटली, तिच्या मुलीची शाळेची, निळी, वर मुलीच्या नावाचं स्टिकर. काकीच्या पिशवीत गूळ होता, लेकाच्या हातावर ठेवायला.

भर दुपार होती. आमच्याकडचा मे ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. फलाटाच्या फरशीवर चपलेतून चटके बसत होते, शेतावरची हवा थरथरत होती. दोघी कडुनिंबाखाली बसल्या होत्या, मी ऑफिसच्या दारात हिरवी झेंडी घेऊन उभा होतो. मागच्या स्टेशनने गाडी सोडल्याचं कळवलं होतं. तेवढ्यात काकी सहज, कौतुकाने म्हणाली,

"काय व सुने, भलती रडनी व्हशी ना त्या दिन?"

"काब्र रडू व माय?"

"मी फोन कया व्हता ना... नरू डेड म्हनीसन."

"हा, मंग? डेड लिसन ई ऱ्हायना, हाई तं माले त्यानीच आदला दिन सांगेल व्हतं."

काकीचा चेहरा मी पाहिला. तोंडावरचं हसू तसंच राहिलं आणि डोळे तेवढे बदलले. "म्हंजे तू रडनीच नही?" सुनीताईला अजून कळेना. मग काकीने कावळ्याचं सांगितलं, फोनचं सांगितलं, आणि सगळा घोळ उलगडला. खरं सांगतो, मला इतकं हसू आलं की झेंडी हातातून पडायची राहिली. आयुष्यात एकदा काकीने इंग्रजी वापरलं आणि ते नेमकं रेल्वेवालीच्या कानात पडलं! सुनीताईही तोंडाला पदर लावून हसायला लागली.

काकी हसली नाही. तिने सुनीताईचा दंड धरला. "रड. आत्ते रड. गाडी येवाना पहिले रड."

"अशी कशी रडू व माय? भाऊ ई ऱ्हायना मन्हा, अन मी रडू?"

काकीने तिला चिमटा काढला. खराखुरा, जोरात. सुनीताई "आई गं" करून ओरडली आणि परत हसू फुटलं तिला. प्रयत्न केला बिचारीने, डोळे घट्ट मिटले, पण भावाला भेटायच्या आनंदात बसलेल्या बाईला रडू येणार कुठून? मग काकी माझ्याकडे वळली. "बापू, तू सांग रे तिले. नरू गया अशी सांग. तुन्हं तोंड देखीसन तिले खरं वाटी."

"काकी, आठे टेसनवर हाऊ उद्योग नको," मी म्हणालो, "ती देख, उनी गाडी."

गाडी वळणावर दिसत होती. पुढे मळकं इंजिन आणि मागे ती लांबलचक लोकल, उन्हात चकाकणारी. हळू येत होती. इंजिन माझ्यासमोरून गेलं, लोको पायलटने हात केला, मी झेंडी दाखवली. इंजिनाला लागूनच असलेल्या पहिल्या डब्यात, खिडकीच्या गजांमागे नरूभाऊ उभा होता. निळा शर्ट, गळ्यात रुमाल. मी ओरडलो, "नरूभाऊ!" त्याने मान हलवली. हे मी स्वतः पाहिलं. काकीने पाहिलं. सुनीताईने पाहिलं, ती तर डबा घेऊन धावत सुटली.

गाडी थांबली. शेवटच्या डब्यातला दुसरा एस्कॉर्ट, साळवी नावाचा, दारात येऊन बसला आणि तिथूनच हात हलवून पुन्हा आत गेला. आम्ही तिघं पहिल्या डब्याशी गेलो. लोकलचा डबा बाहेरून किती उंच असतो ते आमच्या बुटक्या फलाटावरून कळतं. खिडकी डोक्याच्या वर होती. नरूभाऊ तिच्यामागे, सावलीत.

"काय व माय, इतला उन्हमा कसाले उनी?" तो म्हणाला. आवाज त्याचाच, थोडा बसलेला. प्रवासात बसतोच.

मी म्हणालो, "खाले उतर ना भाऊ, निंबखाले बठ घडीभर."

"उतरता येत नही बापू. हाई गाडी पोचाडनी शे."

मला ते रास्त वाटलं. एस्कॉर्टने गाडी सोडायची नसते. सुनीताईने डबा दाराच्या उंबऱ्यावर सरकवून ठेवला आणि त्याला म्हणाली, घे. तो म्हणाला तिथेच राहू दे. दाराकडे काही आला नाही. मग त्याने पाणी मागितलं. सुनीताईने बाटली उंच केली, काकीने तिच्या हातून घेतली आणि टाचा उंचावून गजांतून आत दिली. घेताना त्याचा हात तिच्या हाताला लागला असणार, कारण काकी लगेच म्हणाली, "हात कितला थंडा शे रे तुन्हा!"

सुनीताई म्हणाली, "कूलर बसाडा का रे डब्बामा?"

बाहेरचा पत्रा असा तापला होता की मी चुकून टेकलेलं कोपर झटकन काढलं होतं. पण त्या वेळी माझ्या डोक्यात काही आलं नाही. एक गोष्ट मात्र आली होती, ती लिहूनच टाकतो. त्याच्या डोक्यावरचा पंखा फिरत होता. हळू, पण फिरत होता. मी मनात म्हटलं, डेड रेकमध्ये पंखा कसा? आणि लगेच स्वतःच उत्तर दिलं, वाऱ्याने. वारा नव्हता. कडुनिंबाचं पान हलत नव्हतं.

नरूभाऊ पाणी प्यायला. बाटली तोंडाला लावून, सगळं, न थांबता. मग सुनीताईकडे बघून म्हणाला, "सुने, मायना फोन उना व्हता ना तुले?"

"उना व्हता रे. पन माले उलटंच समजनं."

त्याने बाटलीला बूच लावलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाला. "आते काय."

काकीच्या फोनबद्दल त्याने सुनीताईला कसं विचारलं, त्याला कुणी सांगितलं, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. पण मागची सुपरफास्ट सुटल्याचा फोन वाजत होता. मी ऑफिसमध्ये पळालो. सुपरफास्ट धडधडत निघून गेली, मी लूपचा सिग्नल दिला आणि परत झेंडी घेऊन बाहेर आलो तोवर रेक हलायला लागला होता. पहिला डबा पुढे गेलेला. नरूभाऊ खिडकीत होता, रिकामी बाटली हातात. त्याने हात हलवला नाही. काकी डब्याबरोबर चालत होती, फलाट संपेपर्यंत. साळवीने शेवटच्या डब्यातून मला झेंडी दाखवली आणि रेक नंदुरबारच्या दिशेने गेला.

दोघी परतीच्या पॅसेंजरची वाट बघत पुन्हा कडुनिंबाखाली बसल्या. लेक डोळ्यांनी दिसल्यावर काकी जरा निवळली होती, तरी गूळ द्यायचा राहिला म्हणून हळहळत होती. मधूनच सुनीताईला बोलत होती की एवढं साधं रडू येत नाही म्हणजे काय. सुनीताई तिला समजावत होती की अगं, पाहिलास ना, चांगला धडधाकट आहे.

मग कंट्रोलचा फोन आला. "तुमच्याकडून निघालेला डेड रेक नंदुरबारला आलाय. पुढच्या डब्यातला एस्कॉर्ट एक्सपायर झालाय. तुमच्याकडे काही कळवलं होतं का त्याने?" मी विचारलं, पुढचा की मागचा? पुढचा. मी पुन्हा विचारलं. माणूस वैतागला, "पुढचा हो, पाटील मास्तर!" मी फोन ठेवला.

दोघी बाहेर बसल्या होत्या. सांगणारा मीच होतो, दुसरं कुणी नव्हतं. मी बाहेर गेलो, कडुनिंबाखाली उभा राहिलो आणि म्हणालो, "काकी... नरूभाऊ गया."

काकीने वर पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. उजळला हो! तिला वाटलं, बापूने शेवटी आपलं ऐकलं. सुनीताईसाठी खोटं खोटं सांगायला आलाय. तिने सुनीताईला कोपराने ढोसलं, "देख, देख, सांगं बापूनी. रड आते, रड!"

सुनीताई माझ्याकडे बघत होती. माझं तोंड बघून तिला कळलं. तिच्या घशातून असा आवाज निघाला की नळावरचे लोक वळून बघायला लागले. आणि काकी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, समाधानाने, टळलं एकदाचं म्हणून. "बस बस, व्हई गयं. टयी गयं व माय, टयी गयं. बेस कयं रे बापू." पिशवीतून गुळाचा खडा काढला, माझा हात ओढला आणि तळव्यावर ठेवला. "ले, तोंड गोड कर."

तो गूळ हातात घेऊन मी उभा होतो. उन्हाने तो लगेच चिकटायला लागला. मला तिला अजून थोडा वेळ तसंच राहू द्यावंसं वाटलं. त्या क्षणी अख्ख्या जिल्ह्यात तिच्याइतकी सुखी बाई नसेल. पण पॅसेंजर येणार होती आणि तिला नंदुरबारला सिव्हिलमध्ये न्यायचं होतं, घरी नाही. मी खाली बसलो, तिचे दोन्ही हात धरले आणि दुसऱ्यांदा सांगितलं. "काकी, खरं शे. नंदुरबारथीन फोन उना."

त्यानंतरचं इथे सांगण्यासारखं नाही.

सिव्हिलच्या डॉक्टरांनी ऊष्माघात म्हणून सांगितलं. आणि वेळ विचारली तर म्हणाले, सकाळी. अंग पूर्ण ताठलेलं होतं. साळवीचंही तेच म्हणणं. गुजरातेत असतानाच नरूभाऊने डोकं दुखतंय म्हणून पुढच्या डब्यात जाऊन बाकावर अंग टाकलं, त्यानंतर त्याचा आवाज नाही, फोन उचलला नाही. साळवीला वाटलं झोपलाय. तो स्वतःही उन्हाने अर्धमेला झाला होता, त्याला मी दोष देत नाही. माझ्या स्टेशनवर गाडी थांबली तेव्हा आम्ही पुढच्या डब्याशी बोलतोय एवढं त्याने पाहिलं आणि ठीक आहे म्हणून निर्धास्त झाला.

मी डॉक्टरांना पुन्हा गाठलं. दुपारी आम्ही बोललो त्याच्याशी, म्हटलं. ते म्हणाले, दुसरं कुणी असेल. मी म्हटलं, त्याची आई होती समोर. ते चष्मा पुसत राहिले. मी नंतर वाचलंही पुष्कळ. भयंकर उकाड्यात शरीर लवकर ताठतं, अंदाज चुकू शकतो, असं लिहिलेलं आहे. ते मी कितीतरी दिवस धरून बसलो होतो. म्हणजे आमच्याकडून निघाल्यावर, नंदुरबारच्या वाटेत, तेवढ्यात झालं असेल. पण नंदुरबारला त्या डब्यात आधी चढलेल्यांनी सांगितलं, सुनीताईचा डबा दाराच्या उंबऱ्यावर होता तसाच, झाकणही न उघडलेला, मुंग्या लागलेला. नरूभाऊ बाकावर उताणा, चपला नीट खाली काढून ठेवलेल्या. आणि ती निळी बाटली त्याच्या उशाशी, बूच लावलेली, रिकामी. ती आत कुणी नेली? मी रेल्वेच्या चौकशीत याबद्दल एक अक्षर बोललो नाही. काय बोलणार होतो?

रेक दोन दिवसांनी पुढे गेला. दुसरी माणसं दिली बरोबर. आता तो तिकडे धावत असेल, लोक त्याच खिडक्यांशी बसत असतील. त्यानंतरही डेड रेक येतात, मी लूपला घेतो, झेंडी दाखवतो. पहिल्या डब्याच्या खिडकीकडे बघत नाही.

मला हे सगळं तुम्हाला विचारायचंही नव्हतं. भूत होतं की भास, यात मला आता फारसा रस नाही. माझी अडचण वेगळी आहे. काकी. तिने सुनीताईला एका शब्दाने बोल लावला नाही. साळवीला नाही, रेल्वेला नाही. वर्षश्राद्धाला गेलो तेव्हा पंगती उठल्यावर तिने मला ओट्यावर बसवलं. शांतपणे, जसं काही खूप दिवस राहून गेलेलं विचारतेय तसं विचारलं,

"तू पहिले सांगं, सुनी रडनी, टयी गयं व्हतं. मंग परत कसाले सांगं रे बापू?"

मी तोंड उघडलं. तिला सांगणार होतो की काकी, तो सकाळीच गेला होता, दुपारच्या रडण्याने काय टळणार? आणि तिथेच थांबलो. तो सकाळीच गेला असेल, तर दुपारी तुझ्या हातून पाणी कोण प्यायला? आणि दुपारी पाणी पिणारा नरूभाऊच असेल, जिवंत असेल, तर मग तो नेमका गेला कधी, कंट्रोलच्या फोनच्या आधी की माझ्या दुसऱ्यांदा सांगण्याने, हे मी कुठल्या तोंडाने सांगू?

काकी उत्तराची वाट बघत बसली होती. अजूनही, गावी गेलो की बघते.